मामांची मोटार आणि माझी डाळ

माझी शाळा चौथीत संपली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे तेव्हाही कळत नव्हतं, आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. ही वही चुकून कोणाच्या हाती पडलीच, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. पण एक गोष्ट मी खात्रीनं लिहिते, तिच्यात चूक नाही. पाण्याचा आमच्या मामांइतका पारखी माणूस शेवगाव तालुक्यातच काय, उभ्या नगर जिल्ह्यात झाला नाही. बाकीचे लोक तांब्याभर पाणी पितात आणि गोड आहे की मचूळ आहे ते सांगून मोकळे होतात. मामा पाणी मोटारीवर ओतत, ते वाळेपर्यंत थांबत, मग पत्र्याला नाक टेकेल इतके वाकून बघत आणि मगच आपलं मत देत. प्यायला कसं आहे असं कोणी विचारलं तर म्हणत, "ते मला काय म्हाईत, मी पितो कुठं?"

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. नगरला एका डॉक्टरसाहेबाकडे अठरा वर्षं त्यांनी मोटार चालवली. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना त्यानं आपली जुनी काळी मोटार मामांना अगदी थोडक्या पैशांत देऊन टाकली. मामी लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेल्या, मूलबाळ नाही. तेव्हा मामा ती मोटार, एक पत्र्याची पेटी आणि साहेबानं दिलेलं गाडी पुसायचं मऊ पिवळं कातडं एवढं घेऊन बहिणीकडे राहायला आले. मोटारीला जागा हवी म्हणून गोठ्यातल्या मोरी गाईला दोन हात सरकवण्यात आलं. सासरे म्हणाले, गाय दूध देते, ही काय देणार. मामा म्हणाले, "इज्जत देती, दाजी." लग्नसराईत वराती नेऊन मामा पोटापुरतं कमवत आणि उरलेलं सारं वर्ष मोटार धूत.

त्यांचं धुणं म्हणजे सोवळ्यातल्या पूजेसारखं होतं. सूर्य उगवायच्या आत सुरू व्हायचं, कारण ऊन लागलं की थेंब जागच्या जागी वाळतो आणि आपली खूण ठेवून जातो. आधी पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवून तो गार आहे ना ते बघत, आजारी पोराचा ताप बघावा तसा. मग वरून खाली: टप, काचा, पुढचा पत्रा, दारं, मडगार्डं आणि शेवटी चाकं. एका वेळी एकच भाग भिजवायचा आणि तो कोरडा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. साबण नाही, रिठे. चाकाच्या फडक्याला ओळखीची गाठ मारलेली असे आणि ते फडकं दाराला लागलं तर गाडी विटाळल्यासारखी पुन्हा पहिल्यापासून धुतली जाई. एकदा आमच्या ह्यांनी भाबडेपणानं त्याच फडक्यानं दारावरची धूळ झटकली, तर मामा भाच्याशी चार दिवस बोलले नाहीत. सगळं पुसून झालं की चारी दारं दोन-दोनदा उघडून आपटत. सांध्यात लपून बसलेलं पाणी मागाहून हळूच ओघळतं, त्याला ते चोरपाणी म्हणत. त्या आठ आपटण्यांवर आमची सारी आळी जागी व्हायची. मामा वरातीला परगावी मुक्कामी असले की समोरच्या घरातली माणसं उशिरा उठत आणि दोष मामांना देत.

मी लग्न होऊन आले त्या साली लढाई चालू होती. त्याच साली आमच्या जुन्या आडाचं पाणी आटलं आणि सासऱ्यांनी परसात नवी विहीर खणली. पाणी काचेसारखं नितळ लागलं. सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून विहिरीत वाकून बघायला लावलं. सासूबाईंनी गुडघ्यांमुळे चूल माझ्या हाती दिली. म्हणजे विहीर नवी, सून नवी आणि मोटारही घरात नवीच. महिनाभरात मोटारीवर पांढरे ठिपके उठू लागले आणि माझी तुरीची डाळ शिजेनाशी झाली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मोटारीला दृष्ट लागली असं ठरलं, आणि मला स्वयंपाक येत नाही असं ठरलं.

मामांनी मोटारीला लिंबू-मिरची बांधली. मग चिंचेचं पाणी लावून पाहिलं, कारण त्यानं तांब्यापितळेची भांडी निघतात. मग कोणीतरी ताक सांगितलं. ताक चोपडून मामा आंघोळीला गेले आणि दावं सैल राहिलेल्या मोरीनं पुढचा सगळा पत्रा चाटून काढला. ठिपके गेले नाहीत, पण दुपारभर गाय मोटारीकडे फार मायेनं बघत होती. दसऱ्याच्या सुमाराला शेजारच्या गावचे पाटील मुलीच्या वरातीसाठी मोटार ठरवायला आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिला देवी यिऊन गेल्या का काय?" आणि बैलगाडीत बसून निघून गेले. मामा त्या रात्री जेवले नाहीत.

मी मात्र रोज जेवत होते, आणि तीच पंचाईत होती. कारण जेवायच्या वेळी माझी डाळ सगळ्यांच्या पानात पडायची. सासरे एकेक दाणा बाजूला काढून ताटाच्या कडेला रांगेत लावत. आमचे हे न चावता गिळत, पण तोंडातून शब्द काढत नसत. आईनं घरी मला डाळ शिजवायला शिकवली होती, आणि तिथं ती मेणासारखी होत असे. इथं मी पहाटे उठून विस्तव घालत होते तरी दाणा बोटाला टोचत होता. शेवटी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीला म्हायेरी जा. डाळ शिकून झाली की सांगावा धाड, मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता. तशी परत धाडलेली एक बाई आमच्या माहेरच्या आळीत होती. तिला आणायला कोणी आलं नव्हतं. मी दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं आणि दिवस मोजू लागले.

आता हे सांगायला हवं की मी अतिशय भित्री होते. नव्या सुनेनं मोठ्या माणसांशी समोरासमोर बोलायचं नाही ही रीत होतीच, पण मला रीत नसती तरी बोलता आलं नसतं. मी बोलत होते ती फक्त मोरीशी, दूध काढताना. एके दिवशी मी विसळलेली पितळेची परात उन्हातून आणली होती आणि तिच्यावर गोल गोल पांढरे ठिपके दिसले. अंघोळीच्या हंड्याच्या आतसुद्धा तसलीच पांढरी खपली धरत होती. मी धार काढता काढता गाईला म्हटलं, "मोरे, तुझं बरं हाय. तुला कोनी डाळ शिजवायला लावत न्हाई. पानीच तसलं हाय. हंड्याला पांढरं धरतंय, परातीला धरतंय, त्या मोटारीला धरतंय. पर मोटारीला कोनी म्हायेरी धाडत न्हाई."

मोटारीखालून काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज आला. मी बघितलं तर चाकाशेजारी दोन पाय. मामा काहीतरी पिळत खाली उताणे पडले होते. माझ्या हातातली चरवी कलंडायचीच राहिली.  मग मोटारीखालून मामा म्हणाले, "मोरे, तुझ्या मालकिनीला ईचार, परातीवर डाग गोल पडत्यात का ओघळावानी?"

मी पदर पुढं ओढून गाईच्या कानात सांगितलं, "गोल म्हनाव. थेंबायेवढे."

"अन् नखानं खरवडलं तर पीठ निघतं का, ते बी ईचार."

"निघतं म्हनाव."

तेव्हापासून माझं आणि मामांचं जे काही बोलणं झालं ते सगळं मोरीमार्फत. गाईनं कधी निरोप चुकवला नाही.

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जे पाणी डाळ शिजवत नाही तेच मोटारीवर ठिपके पाडतं, तर मग प्रत्येक विहिरीचं पाणी मोटारीवर घालून बघायची गरजच नाही. गावातल्या चुली आधीच ते बघून बसल्या आहेत. दुसऱ्या दिवशीपासून मामा दारोदार फिरू लागले. उंबऱ्याबाहेर उभं राहून अदबीनं विचारत, "वैनी, तुमच्यात डाळ किती येळात मऊ हुती?" आता पन्नाशीला टेकलेला विधुर, नगरला साहेबाकडे राहिलेला, दाराशी मोटार असलेला, आणि तो घरोघर जाऊन बायकांच्या डाळीची चौकशी करतो, ह्याचा गावानं एकच अर्थ लावला. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीचे एक गृहस्थ कोरं धोतर नेसून आमच्या ओसरीवर आले. त्यांची बहीण लग्नावाचून घरीच होती. ते म्हणाले, आमच्या बहिणीची डाळ घटकेत शिजते. मामा एकदम पुढं सरकून बसले आणि त्यांनी विचारलं, पाणी कुठल्या विहिरीचं. गृहस्थ म्हणाले, पाणी मारुतीच्या विहिरीचं, पण मुलगी स्वभावानं गरीब आहे. मामांनी विचारलं, विहिरीला झरा किती हातांवर आहे. गृहस्थांनी बहिणीचं वय सांगितलं, मामांनी विहिरीत उन्हाळ्यात पाणी टिकतं का ते विचारलं. असं अर्धा तास चाललं. शेवटी ते उठले आणि जाताना वेशीपर्यंत भेटेल त्याला सांगत गेले, "मोटारवाल्याला बायको नको हाय. त्याला हीर पायजे."

सासूबाई चार दिवस भावाचं तोंड बघायला तयार नव्हत्या. मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी लिंबाखाली तीन-तीन दगडांच्या पाच चुली मांडल्या, पाच डबडी ठेवली, प्रत्येकावर कोळशानं खूण केली. चारांत चार विहिरींचं पाणी, आणि पाचव्यात गुळाच्या मोकळ्या काहिलीत साठलेलं पावसाचं. मोरीमार्फत माझ्याकडून डाळ मागवली आणि प्रत्येक डबड्यात सारखी मूठ टाकली. साहेबानं दिलेलं घड्याळ मांडीवर ठेवून बसले. बघायला सगळी आळी आली. सासरेही आले, कारण त्या चारांतली एक विहीर त्यांची होती आणि ती पहिली येणार ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पावसाच्या पाण्यातली डाळ आधी फुटली. मग मारुतीच्या विहिरीची, मग बाकीच्या दोन, मागंपुढं. आमच्या डबड्याखाली दोनदा जळण घातलं तरी आत खडखड चालूच होती. मामांनी एक दाणा चिमटीत धरून मडगार्डवर टाकला. टक् असा आवाज झाला. सासरे समोर उभे होते, त्यामुळे कोणी हसलं नाही. मामा बहिणीकडे वळून म्हणाले, "आक्का, पोरगी नापास न्हाई. हीर नापास हाय."

सासरे शेताकडे निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या डबड्यांवर माझा विश्वास नाही, उद्या मीच शिजवून दाखवते. दिवाळीला आठ दिवस होते. मी दाराआड उभी राहून बघत होते. सासूबाईंनी डाळ निवडली, तेल लावलं, हळद टाकली, नव्या विहिरीचं पाणी घालून चुलीवर चढवली. थोड्या वेळानं डाळ लवकर शिजावी म्हणून सुपारीचं खांड टाकलं. मग आणखी तेल. मग त्या जळणाला नावं ठेवू लागल्या. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी पळी भांड्याला लागून वाजत होती. देवाला काय मागावं ते मला कळेना. डाळ शिजली तर मी गेले, आणि न शिजली तर सासूबाईंचा शब्द जाणार. मी देवाला काही सांगितलं नाही, नुसती उभी राहिले.

शेतावरून माणसं आली. सासूबाईंनी तीच डाळ सासऱ्यांच्या पानात वाढली आणि समोर बसल्या. सासऱ्यांनी घास घेतला. तो चावल्याचा आवाज मला दाराआड ऐकू आला. ते थांबले, मग सगळं पान त्यांनी मुकाट्यानं संपवलं, एकही दाणा कडेला काढला नाही. हात धुताना म्हणाले, "उद्यापास्नं पानी मारुतीच्या हिरीचं आना."  सासूबाईंनी कोपऱ्यातलं माझं गाठोडं उचललं आणि माळ्यावर टाकलं, जिथं माझा हात पोचत नव्हता.

मामांचं काम मात्र अजून राहिलं होतं. मारुतीच्या विहिरीचं पाणी बायकांनी डोक्यावरून आणायचं, ते मोटारीला कोण देणार. त्यांना हवं होतं पावसाचं. गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावायची आणि खाली जस्ती टाकी बसवायची असा बेत त्यांनी मोरीला तपशीलवार समजावून सांगितला, पण पाटलांनी नाकारल्यापासून वराती तुटलेल्या, हातात पैसा नव्हता. माझ्याकडे वडलांनी कानातल्या फुलांसाठी दिलेले पंचवीस रुपये होते. एका सकाळी मी ते चिंधीत बांधून गव्हाणीत ठेवले. "मोरे, हे त्यांना दे. टाकी करा म्हनाव. पर मला परत पायजेत." मी इतकं ठाम जन्मात कोणाशी बोलले नव्हते, आणि तेही गाईशी बोलले. मोटारीमागून उत्तर आलं, "मोरे, तिला सांग, पै न् पै फिटंल. अन् पावसाळाभर रोज एक घागर तिच्या डाळीला."

टाकी झाली. मामा आधी दोन-तीन सरी वाया जाऊ देत, पत्र्यावरची धूळ धुऊन गेली की मगच पन्हळ टाकीकडे वळवत. पाणी जपून वापरत. चिखल काढायला विहिरीचं आणि रिठ्याचं, शेवटची धार तेवढी टाकीची, आणि ती वाळायच्या आत पिवळं कातडं फिरलंच पाहिजे. पावसाळ्यानंतरच्या लग्नसराईत मोटार अशी चकाकत होती की बायका तिच्यात बघून कुंकू नीट करत. पाटलांनी दुसऱ्या मुलीच्या लग्नाला स्वतः येऊन मोटार ठरवली. त्या वरातीत नवरानवरी दाराशी आली तेव्हा रीतीप्रमाणं एका बाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाणी शिंपडलं. चार थेंब मडगार्डवर उडाले. ऊन कडक होतं. मामांनी वरात थांबवली, वाजंत्री थांबली, नवरदेव आत घामानं भिजत बसला, आणि मामा कातडं काढून ते चार थेंब टिपत राहिले. मग दारं दोनदा आपटली. नवरीला वाटलं, तिच्या सासरची हीच रीत असेल.

प्रत्येक वरातीनंतर गव्हाणीत एक-दोन रुपये यायचे. मग पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटार महिनेच्या महिने जागची हलत नव्हती, तरी धुणं चुकलं नाही. कोणी म्हणे, उभ्या गाडीला काय धुता. मामा विचारत, "तुमी दिवसभर बसून असता, मग आंगोळ का करता?" त्या वर्षांत गव्हाणीत काही येत नव्हतं, आणि मामा मोरीशी बोलताना माझ्याकडे पाठ करून उभे राहत. मी मोरीला सांगितलं की घाई नाही. तरी पाठ वळली नाही.

लढाई संपली, मला दोन मुलं झाली, सासरे गेले, पुढं मोरीही गेली. रस्त्यानं सरकारी मोटारी धावू लागल्या आणि वरातीला लोक त्याच ठरवू लागले. मामांनी मोटार शेवगावच्या एका दुकानदाराला विकली. तिला पोचवून आल्यावर आठवड्यानं ते सहज म्हणून बघायला गेले. दुकानदाराचा गडी तिला भर दुपारी विहिरीच्या पाण्यानं धूत होता आणि तशीच सोडून देत होता. मामा घरी आले आणि गोठ्यात जाऊन उभे राहिले. गोठ्यात काहीच नव्हतं. एका बाजूला मोटारीच्या तेलाचा काळा डाग आणि दुसऱ्या बाजूला रिकामा खुंटा.

पूर्वी धार काढायला जायची तशी मी त्या वेळी गेले. मामांनी मला पाहिलं, मग सवयीनं खुंट्याकडे पाहिलं. बोलायचं कोणाशी हे आम्हा दोघांनाही कळेना. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि मी त्यांना एक शब्द समोरून बोलले नव्हते. मी पदर सावरला आणि म्हटलं, "मामा, जेवायला चला. डाळ शिजलीय."

ते आले, जेवले, डाळ दोनदा मागून घेतली. हात धुऊन पुन्हा गोठ्यात गेले. थोड्या वेळानं दारं आपटल्यासारखा भास झाला म्हणून मी बाहेर आले, पण तसं काही नव्हतं, मामा अंगणातून बाहेर निघाले होते. गव्हाणीत पिवळं कातडं घडी करून ठेवलेलं होतं. आत राहिलेले सहा रुपये होते, घासून पुसून लख्ख केलेले. माझे पंचवीस पुरे झाले.